फ्रेमकर

फ्रेमकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चार अक्षरी आहे, अस्सल देशावरचं आहे, आणि डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ते आता कुणालाही चटकन आठवत नाही. गणपतीच्या वर्गणीच्या यादीतही 'फ्रेमकर' असंच लिहिलेलं असतं आणि ते स्वतः त्यापुढे निमूटपणे सही करतात. गप्पांत कुठलाही विषय काढा, घराचे हप्ते, मुलांची कॉलेजं, गुडघ्यांची ऑपरेशनं, गृहस्थ शांतपणे ऐकून घेणार, चहाचा कप खाली ठेवणार आणि विचारणार, "ते सगळं ठीक आहे हो, पण फ्रेमचं काय?"

ही फ्रेम फोटोची नाही आणि चष्म्याचीही नाही. ती पिस्तुलाची. त्यांना पडलेला प्रश्न असा, की पिस्तुलाच्या मुठीवर आपण बाजारातून आणून जी रबरं, चिकटपट्ट्या, लाकडी पट्ट्या आणि काय काय चढवतो, त्यानं आतल्या मूळ सांगाड्याला इजा होते की नाही?

आता वस्तू जपणारी माणसं आपल्यात काही कमी नाहीत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या हँडलला क्रोशाचं कव्हर, सोफ्यावर चादर, ही आपली घराणेदार परंपराच आहे. फ्रेमकरांच्या घरी डायनिंग टेबलावर काच आहे, काचेवर प्लॅस्टिक आहे, प्लॅस्टिकवर चटया आहेत. "टेबल कुठल्या लाकडाचं आहे ते बिलावर बघून सांगते," असं वहिनी म्हणतात. पण सामान्य जपणारा कव्हर घालून निर्धास्त होतो, फ्रेमकर तिथून पुढे काळजीला लागतात. वस्तूला जगापासून कव्हर वाचवतं, पण कव्हरापासून वस्तूला कोण वाचवणार? तुमच्या हातातला मोबाइल ते मागून घेतील, नखानं कव्हर काढतील आणि कडेला साचलेली बारीक माती तुम्हाला दाखवतील. "बघा. ही कचकच आत बसून रोज घासते. तुम्हाला वाटतंय फोन सुखात आहे!" त्या रात्री तुम्हीही आपल्या फोनचं कव्हर काढून बघता. फ्रेमकरांचा संसर्ग असा आहे.

असा माणूस पिस्तुलाच्या वाटेला गेलाच कसा? ह्याचं साधं उत्तर, टेक्सासात शेजारी, त्याचा शेजारी आणि त्याची सासू अशा सगळ्यांकडे असतं, म्हणून. पण फ्रेमकरांनी घाई केली नाही. एच-वन-बी व्हिसावर असताना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक घेता येत नाही. मात्र शिकारीचा परवाना काढला तर घेता येते. ही पळवाट ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सुचवली होती. झुरळसुद्धा सुपलीत धरून अंगणात सोडणारा हा माणूस. "खोटं कशाला लिहायचं?" म्हणून त्यांनी परवाना काढला नाही आणि ग्रीन कार्डाची वाट बघितली. भारतीय माणसानं ग्रीन कार्डाची वाट बघायची म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पिस्तूल घेण्याचा अधिकार मिळाला तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि घरात चोरण्यासारखं काही उरलंय का, ह्याबद्दल नवरा-बायकोत मतभेद होते.

तरी घेतलं. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरला, पूर्वायुष्याची तपासणी झाली, आणि ग्लॉक घरी आलं. 1982 साली ऑस्ट्रियाच्या लष्करानं घेतलं आणि मग जगभर पसरलं, ते हे पिस्तूल. त्याचा सांगाडा चक्क प्लॅस्टिकचा. फ्रेमकरांना प्लॅस्टिकचं वावडं नाही, पण ज्याला कव्हर घालायचं तीच वस्तू प्लॅस्टिकची निघाल्यावर ते थोडे गोंधळले.

दुकानदारानं जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि ती ह्यांच्या डोक्यात रुतून बसली. अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी ह्या पिस्तुलाची फ्रेम म्हणजेच पिस्तूल. नंबर तिच्यावर. ग्लॉकच्या प्लॅस्टिकमध्ये खालच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी बसवलेली असते, तिच्यावर तो कोरलेला असतो. नळी बदला, वरची स्लाइड बदला, स्प्रिंगा बदला, मुठीवर काहीही चढवा, कायदा त्याला सुटा भाग समजतो, पोस्टानं मागवता येतो. पण फ्रेम बदलायची म्हणजे नवं पिस्तूल घ्यायचं. पुन्हा फॉर्म, पुन्हा तपासणी.

"म्हणजे बघा," फ्रेमकर मला म्हणाले, "बाकी सगळा देह. फ्रेम हा आत्मा."

"आत्म्याला शस्त्रं छेदत नाहीत म्हणतात."

"छेदत नसतील. ओरखडे पडतात का, ते कुठं सांगितलंय?"

मग सुरू झाला ग्रिपचा अध्याय. मूठ हातात थोडी सरकते, अशी त्यांची तक्रार. नव्या ग्लॉकबरोबर मुठीच्या मागच्या बाजूला बसवायच्या कमी-जास्त जाडीच्या पाठी डब्यातच येतात. 2010 सालच्या चौथ्या पिढीपासून ही सोय आहे. ती बसवायला जरा लांब पिन असते, मूळची पिन काढून ती ठोकायची. फ्रेमकरांनी डबा उघडला, पिन बघितली, भोक बघितलं आणि डबा बंद केला. पिन आत-बाहेर करून करून भोक मोठं झालं तर? आता, ही पिन काही रोज काढायची नसते. माणूस एकदा हाताला बरी वाटणारी पाठ निवडतो आणि जन्मभर तीच ठेवतो. पण 'एकदा' ह्या शब्दावर फ्रेमकरांचा विश्वास नाही.

म्हणून रबराचा मोजा आणला. तो मुठीवर नुसता ओढून चढवायचा असतो. चढवला. आठ दिवसांत शंका आली, की आत घाम साचत असेल. काढला, पुसला, बघितलं, चढवला. मग मोज्याऐवजी चिकटणारी खरखरीत पट्टी आणली. ती हेअर ड्रायरनं गरम करून दाबून बसवतात आणि काढतानाही तशीच गरम करून काढतात. वहिनींचा ड्रायर तेव्हापासून गॅरेजमध्ये आहे आणि वहिनींनी केस लहान करून घेतले. पट्टी काढल्यावर डिंक राहील ही चिंता होती. थोडासा राहिला. तो घासून काढला. घासल्यामुळे काही झालं नाही ना, हे बघायला भिंग आणलं.

खरं सांगायचं तर, त्या फ्रेमला ह्यातल्या कशानंही काही होण्यासारखं नव्हतं. ते प्लॅस्टिक घामानं गंजत नाही, रबराखाली कुजत नाही, चिकटपट्टीनं सोलत नाही. त्याला भीती तापलेल्या सळईची. बरेच शौकीन सोल्डरिंग आयर्न घेऊन मुठीवर स्वतःच टिकल्या-टिकल्यांची नक्षी काढतात, म्हणजे पकड खरखरीत होते. हात हलका असेल तर बरं दिसतं. जड असेल तर प्लॅस्टिक तिथं पातळ होतं, क्वचित आरपार भोक पडतं, आणि उतरलेली पट्टी पुन्हा लावता येते तसं वितळलेलं प्लॅस्टिक पुन्हा भरता येत नाही. एका गन शोमध्ये एक जाडजूड गृहस्थ हे काम टेबलावर करून दाखवत होता. धूर निघत होता. फ्रेमकर तिथं थांबले, त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला, आणि वहिनींनी त्यांना दंडाला धरून सरबताच्या गाडीकडे नेलं.

प्लॅस्टिकला काही होत नाही म्हटल्यावर काळजीला खाद्य उरेना. मग त्यांनी दुसरं पिस्तूल घेतलं. हे पोलादी. जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं, 29 मार्च 1911 रोजी अमेरिकी लष्करानं स्वीकारलेलं आणि म्हणून '1911' ह्याच नावानं ओळखलं जाणारं. त्याच्या मुठीच्या दोन्ही अंगांना लाकडाची एकेक पट्टी असते आणि प्रत्येक पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. हे स्क्रू थेट फ्रेममध्ये जात नाहीत. फ्रेममध्ये चार बारीक बुशिंगं बसवलेली असतात, बाहेरूनही आटे आणि आतूनही आटे. बुशिंग फ्रेममध्ये पिळलेलं, स्क्रू बुशिंगमध्ये पिळलेला. ही रचना ऐकली तेव्हा फ्रेमकरांचे डोळे पाणावले. ब्राउनिंगनं शंभर वर्षांपूर्वी फ्रेमची काळजी केली होती! स्क्रूनं आटे खायचेच असतील तर बुशिंगचे खावेत, फ्रेमचे नकोत.

शिवाय पोलादाला खरोखरच काहीतरी होऊ शकतं, ह्याचा त्यांना मनापासून आनंद झाला. टेक्सासचा उन्हाळा, हाताचा घाम, घामातलं मीठ. तो लाकडाच्या किंवा रबराच्या पट्टीखाली शिरतो आणि तिथं वारा लागत नाही. वरून पिस्तूल चकचकीत आणि पट्टीखाली तांबूस ठिपके, अशी पिस्तुलं जुन्या बाजारात किती तरी दिसतात. ह्याला औषध सोपं आहे. अधूनमधून पट्ट्या उतराव्यात, तेलाचं बोट फिरवावं, पुन्हा बसवाव्यात. वर्षातून एक-दोनदा पुरे. फ्रेमकरांनी हे दर रविवारी सुरू केलं.

आता दर रविवारी काढले-घातलेले स्क्रू सैल पडणारच. सैल पडले म्हणून फ्रेमकरांनी त्यांना थ्रेडलॉकर लावलं, म्हणजे आट्यांत घालायचा डिंक. त्यात निळा असतो आणि लाल असतो. निळा साध्या स्क्रूड्रायव्हरनं सुटतो. लाल सुटायला चांगला भाजावा लागतो. फ्रेमकरांनी 'जास्त पक्का' म्हणून लाल घेतला. वास्तविक अशा ठिकाणी स्क्रूच्या डोक्याखाली चार आण्याचं रबरी वळं घातलं तरी स्क्रू हलत नाही. पण चार आण्याच्या उपायावर फ्रेमकर विश्वास ठेवतील तर ते फ्रेमकर कसले?

पुढच्या रविवारी मी योगायोगानं तिथं होतो, म्हणून मला बॅटरी धरायला उभं केलं. गॅरेजमधल्या टेबलावर पंचा अंथरलेला. पंच्यावर पिस्तूल. मॅगझिन काढून बाजूला, नळी रिकामी असल्याची खात्री तीनदा केलेली. ह्या बाबतीत मात्र त्यांच्या काळजीला मी मनापासून नमस्कार करतो. शेजारी स्क्रूड्रायव्हरांचा संच, कापसाच्या काड्या, तेलाची कुपी, भिंग. फ्रेमभोवती निळी कागदी टेप, स्क्रूड्रायव्हर निसटलाच तर ओरखडा टेपवर पडावा म्हणून. फ्रेमकरांनी पहिला स्क्रू फिरवला. फिरेना. जोर लावला. फिरेना. वहिनींचा ड्रायर लावला. मग दोन्ही हातांनी पिळला, आणि काहीतरी एकदम 'कट्' झालं आणि सुटलं. फ्रेमकरांचा चेहरा उजळला. स्क्रू वर आला, लाकडाची पट्टी उचलली गेली, आणि पट्टीला चिकटून, स्क्रूला घट्ट मिठी मारून, फ्रेममधलं बुशिंगही बाहेर आलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. फ्रेमकर टेपकडे बघत होते. टेपवर एकही ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पिस्तूल घेऊन गनस्मिथकडे गेले. हा म्हातारा टेक्सन बोलायला मोजका. त्यानं बुशिंगच्या भोकात डोळा घातला.

"ग्रिपनं काय बिघडवलं होतं?"

"काही नाही."

"मग काढली कशाला?"

"काही बिघडवलंय का, ते बघायला."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नशीब समज, पोलाद आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम असती तर आटेसुद्धा बुशिंगबरोबर बाहेर आले असते. मग जाड बुशिंग घालावं लागतं, आणि ते गेलं की आणखी काही उरत नाही." त्यानं नवं बुशिंग पिळलं, आतून ठोकून पक्कं केलं, स्क्रूखाली चार रबरी वळी घातली आणि वळ्यांचे पैसे घेतले नाहीत. जाताना एवढंच म्हणाला, की ग्रिप घातलेल्या फ्रेमा मी फारशा दुरुस्त करत नाही, ग्रिप काढलेल्या करतो.

ह्यावर शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण घरी आल्यावर फ्रेमकरांना वाटलं, आता गनस्मिथचे हात लागलेत, तर आतूनही एकदा बघून घ्यावं. 'आता उघडलंच आहे तर' ह्या आपल्या चार शब्दांनी जगातल्या जितक्या वस्तू बिघडवल्या तितक्या गंजानं बिघडवल्या नसतील. 1911 पूर्ण खोलून पुन्हा जोडताना स्लाइड स्टॉप नावाची एक कळ डावीकडून आत घालावी लागते आणि शेवटच्या क्षणी तिचं टोक एका स्प्रिंगवरून चढवावं लागतं. हात चुकला की ते टोक फ्रेमवरून सरकतं आणि कमानीच्या आकाराचा ओरखडा उठतो. जगभरच्या हजारो पिस्तुलांवर तो त्याच जागी, त्याच आकाराचा असतो आणि शौकीन मंडळी त्याला 'इडियट स्क्रॅच' म्हणतात. फ्रेमकरांना हे तोंडपाठ होतं. त्यांनी बरोबर त्या जागी टेप लावली होती. मग टेपच्या डिंकानं पॉलिश तर गेलं नाही ना, हे बघायला त्यांनी ती काढली. पॉलिश शाबूत होतं. त्या समाधानात टेप पुन्हा लावायची राहून गेली.

तो ओरखडा मी बघितला आहे. उन्हात धरला, मान तिरकी केली, तर दिसतो. फ्रेमकरांना तो अंधारात दिसतो.

टेक्सासात 2021 सालापासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं मज्जाव नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून हिंडता येतं. फ्रेमकर कधीच लावत नाहीत. होल्स्टरमध्ये घालून काढून घालून नळीच्या टोकाचं पॉलिश जातं. होल्स्टरमध्येच ठेवून द्यावं, तर कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी आणि त्यात मुरलेल्या दमटपणानं पोलाद गंजतं. म्हणून दोन्ही पिस्तुलं तिजोरीत असतात, बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या डब्यांतून वर्षानुवर्षं साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांच्या गादीवर. उद्या खरोखर चोर आलाच तर त्याला थांबायला सांगून तिजोरीचा आकडा लावायचा, मोजे चढवायचे, असा सगळा क्रम आहे. चोर समजूतदार असला पाहिजे.

खंडेनवमीला मात्र शस्त्रपूजा चुकवत नाहीत. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, वहिनींची कात्री, बागेतलं खुरपं. पहिल्या वर्षी गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून विचारलं, "शस्त्र कुठाय?" फ्रेमकर पेचात पडले. कुंकू हळदीत चुना घालून करतात. ओल्या बोटानं ते निळसर पोलादावर टेकवायचं? वर फुलांचं पाणी, अक्षतांची टोकं! शेवटी त्यांनी सुट्या अक्रोडी ग्रिपची जोडी पाटावर ठेवली. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, आपट्याचं पान मिळालं नाही म्हणून अंगणातल्या कुठल्याशा झाडाचं ठेवलं. अशा रीतीनं कायदा ज्याला शस्त्र मानतच नाही त्याची दरवर्षी यथासांग शस्त्रपूजा होते.

पण माणूस नुसतं जपून किती जपणार! कधीतरी गोळी झाडावी लागतेच. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही शूटिंग रेंजवर जातो. फ्रेमकर पातळ हातमोजे घालतात आणि पिस्तूल अलगद धरतात, नक्षी झिजू नये म्हणून. आता ह्या पिस्तुलांचं असं आहे, की मूठ घट्ट आवळली नाही तर धक्क्याबरोबर सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला पुरेसा रेटा मिळत नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं. फ्रेमकरांचं दर तिसऱ्या गोळीला अडकतं. ते पिस्तूल खाली ठेवतात, माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, "ग्रिप बदलायला हवी."

गेल्या वेळी दोनदा अडकल्यावर रेंजवरचा पोरगा कंटाळला आणि त्यानं भाड्याचं एक पिस्तूल पुढे सरकवलं. त्याची अवस्था काय सांगू. हजारो हातांनी मुठीची नक्षी घासून गुळगुळीत केलेली. एका बाजूचा एक स्क्रू गायब. रबराची पट्टी फाटलेली आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. फ्रेमवर तो कमानीसारखा ओरखडा एक नाही, तीन. फ्रेमकरांनी ते उलटसुलट बघितलं. हातमोजे काढले. मूठ अशी आवळली की बोटांची पेरं पांढरी झाली. आणि सगळं मॅगझिन एका दमात रिकामं केलं. एकही काडतूस अडकलं नाही. निशाणाचा कागद जवळ आणला तर मधोमध बशीएवढ्या जागेत सगळी भोकं.

पोरगा बघतच राहिला. मीही. फ्रेमकर मात्र मजेत होते. दुसरं मॅगझिन भरता भरता शीळ घालत होते.

"अहो, इतका सुरेख हात तुमचा," मी म्हटलं, "हेच का नाही विकत घेऊन टाकत? जुनं आहे, स्वस्तात देतील."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी एवढी वर्षं शेजारी राहून काहीच शिकलो नाही.

"विकत घेतलं," ते म्हणाले, "की जपावं नाही का लागणार?"